अजगराच्या पोटातल्या जावा

माणसानं अजून रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका अजगराच्या पोटात, मिट्ट काळोखात, दोन जावा राहायच्या. शिकार आत पडली की थोरली हाक मारायची, "या हो, या!" मग भिंतींतून आंबट पाणी पाझरायचं आणि शिकार विरघळायची. धाकटी त्या पाण्यात बोटं बुडवून बसायची. बोटं चुरचुरली की ती थोरलीच्या तोंडावर हात ठेवायची. हाक थांबायची, पाणीही थांबायचं.

"मेली कधी मनसोक्त ओरडू देत नाही," थोरली धुमसायची.

एकदा अख्खं भेकर आत आलं. थोरलीनं त्याच्याच आतड्यानं धाकटीचे हात बांधले आणि मोकळ्या गळ्यानं हाका मारल्या. मांस विरघळलं, शिंगं विरघळली, खूरही उरले नाहीत.

"जाऊबाई, पुरे! बोटं पोळतायत," धाकटी विनवत होती.

भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्याचा हळूच आवाज आला, "बोलावलंस, आलो. आता काय खाऊ?"

थोरलीला गप्प व्हायचं होतं. पण गप्प कसं व्हायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. आजवर ते काम धाकटीच्या हातानं केलं होतं. "या हो, या!" ती रडत रडत ओरडत राहिली. भिंती विरघळू लागल्या.

तेवढ्यात पाण्यानं धाकटीचे बंधही खाल्ले. ओळखीचा हात तोंडावर आला आणि हाक थांबली. पण त्या हाताला आता बोटं नव्हती.

महिन्याभरानं वरून धप्पकन ससा पडला. थोरलीनं हाक मारली, आणि कुणी न सांगता स्वतःचं बोट पाण्यात बुडवलं.