क्लॅरिनेटची चिठ्ठी

१४ नोव्हेंबर १९८५, गुरुवार. मिरज. सकाळी धुकं, दहानंतर कोरडं ऊन.

"मग, लाकूड की एबोनाइट?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

श्रीरंगने पेटी उघडली. बावीस वर्षं ती बंद होती. आत जुनी क्लॅरिनेट, पाच तुकड्यांत. इचलकरंजीच्या यल्लाप्पा मांगुरेंच्या वडिलांची. ते बँडमध्ये वाजवत. धुऊन, वाजती करून हवी होती. यल्लाप्पा समोरच्या बाकावर बसले होते.

चाचांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात वाद्य कशाचं आहे ते आधी ओळखायचं, चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची. पुढचं काम चिठ्ठीप्रमाणे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते साबणाच्या पाण्यात बुडवून धुतात. लाकूड बुडवलं तर तडकतं.

श्रीरंग सहा वर्षं चाचांकडे शिकत होता. निपाणीला स्वतःचं दुकान टाकायचं होतं. त्याची चिठ्ठी चाचांनी न बदलता वाद्याला बांधली, की तो जायला मोकळा, असं ठरलेलं. आजवर प्रत्येक चिठ्ठीत चाचांनी काहीतरी बदललं होतं.

त्याने आधी तोंडात धरायचा माउथपीस काढला, अंगठ्याने चोळून पुसला. मग चाव्या मोजल्या.

"तेरा चाव्या. बोटांची रचना जुन्या पद्धतीची. कंपनीचा शिक्का झिजलाय, पण घडण साठ-सत्तर वर्षांपूर्वीची."

"आणि अंग?"

त्याने खालची नळी अंगठ्याने घासली, ऊब येईपर्यंत. हुंगली.

"गंधकाचा वास. एबोनाइट."

"नक्की?"

"चाचा, हे काय विचारणं झालं?"

चिठ्ठी लिहिली. सही केली. नळी उचलून घमेल्यातल्या पाण्यावर नेली.

चाचांनी त्याचं मनगट धरलं. नळी काढून घेतली, स्वतःच्या मांडीवर ठेवली. मग त्याचा रिकामा हात त्याच्याच नाकाशी नेला.

"हुंग."

श्रीरंगने अंगठा हुंगला...

गंधक.

माउथपीस एबोनाइटचाच होता. बहुतेकांचा असतो, नळी कशाचीही असो.

तो उठला. साबणाने दोनदा हात धुतले, पुसले. कोरड्या अंगठ्याने नळी पुन्हा घासली. बराच वेळ हुंगत राहिला.

"वास नाही. म्हणजे लाकूड."

"माझ्याकडे एक एबोनाइटची आहे," चाचा म्हणाले. "चाळीस वर्षांत तिचा वास उडून गेला."

श्रीरंगने नळी उन्हात धरली. बाहेरून कुणीतरी काळा रंग चढवलेला. आत जुन्या तेलाचा थर. लाकडाची रेघ कुठे दिसेना.

"काय आहे?" चाचांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

चाचांनी कोरी चिठ्ठी पुढे केली.

"काय लिहू?"

"आत्ता बोललास ते."

त्याने लिहिलं. सही करताना मान वर केली नाही.

चाचांनी चिठ्ठी वाचली. घमेलं उचलून पाणी दाराबाहेर ओतलं. चिठ्ठी दोऱ्याने नळीला बांधली, एकही अक्षर न बदलता.

यल्लाप्पा बाकावरून पुढे झुकले.

"आवं चाचा, सहा वर्सं राबून ह्यो एवढंच शिकला?"

"मला अकरा लागली."