ओंजळीचं टाकं

वरच्या लेण्यांपाशी कातळात कोरलेलं एक टाकं आहे. त्याचं पाणी कुणी आपल्या हातानं काढून पीत नाही. एकानं काढायचं, दुसऱ्यानं ओंजळ धरायची. एकटा आलेला माणूस दुसरं कुणी येईतो खुशाल बसून राहतो.

फार जुनी गोष्ट. घाटाखालच्या वाडीत दमाई नावाची विधवा होती म्हणे. तिचा एकुलता एक लेक नांदा गावच्या पोरांबरोबर मिठाच्या तांड्यात गेला, त्यातलं कुणीच परतलं नाही. एकदा पाणवठ्यावर बैलांना पाणी पाजणाऱ्यांना बोलताना तिनं ऐकलं, "वर लेण्यात नवा भिक्खू आलाय. याच वाडीचा पोरगा, तांड्याबरोबर गेलेला तो..." तेवढ्यात बैल उधळले आणि माणसं त्यांच्यामागं धावली.

दमाईनं घागर उचलली. शेजारीण म्हणाली, "अगं, मुंडण केलेलं पोर काय परत तुझ्या चुलीशी बसणार आहे?"

"न बसू दे. तोंड तर दिसेल."

वर टाक्यावर बसून येईल त्या भिक्खूला ती पाणी घाली आणि निरखून बघे. उन्हं कलताना एक जण आला. दमाई उठून उभी राहिली. नांदा नव्हता. कुंभाराचा भदू होता, आईविना वाढलेला.

"नांदा कुठाय रे?"

"काकी, वाटेत पाणी संपलं. आपल्या वाटणीचं त्यानं मला पाजलं. म्हणाला, पी तू, मी पुढं झरा बघतो. आम्ही त्याला गाठलं तेव्हा जीव गेला होता." भदू खाली मान घालून बोलत होता. "तेव्हापासून आपल्या हातानं पाणी घेत नाही मी. कुणी दिलं तर पितो."

घागरीतलं पाणी कातळावर ओतून द्यावं असं तिच्या मनात आलं, असं सांगतात. थोडं सांडलंही. मग ती म्हणाली, "धर ओंजळ." तो पोटभर पिईपर्यंत ती ओतत राहिली.

पुढं ती रोज वर जाई, हातपाय चालले तोवर. पण पाणी घालण्याआधी प्रत्येकाचं तोंड बघायची तिची सवय काही सुटली नाही.

आजही ओतणारी बाई आधी तोंडाकडं बघते, मग घागर कलती करते. दमाईला टाक्यावर लेक भेटला, असं खालच्या वाडीत अजून सांगतात. तसं नव्हे. पोरगा वाडीचा होता, एवढंच खरं.