नूरभाईंचा पेचकस

“दाराचं रबर बघितलंस?”

“बघितलं, उस्ताद. कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढली. सुटली नाही.”

“नळ?”

“खोलून बघितले. वायसर गेलेत. आतल्या नळ्यांना आंबूस वास येतोय, त्या बदलाव्याच लागतील. जुनं घेतलं की त्या बदलायच्याच.”

“गॅसची बाटली?”

“जोडांना साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा नाही. बाटलीच्या मानेवर तपासणीची तारीख आहे, तीही वाचली.”

“आणि थंड?”

“थंड?” सिद्राम हसला. “आत हात घातला तर बोटं आखडली, उस्ताद!”

“हं...” नूरभाई म्हणाले.

बस्स, एवढंच. पण जो मिरजेच्या नूरभाई मुल्लांच्या हाताखाली फ्रिज दुरुस्तीचं काम शिकलाय, त्याला विचारा हे ‘हं’ काय चीज आहे ते. शिवी परवडली, हे नको. सिद्रामला ते बरोबर कळलं. पण गडी असा, की पोटातलं तोंडावर येऊ द्यायचा नाही.

सगळे उभे होते ते हायवेवरच्या एका बंद पडलेल्या बारमध्ये. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. कोपऱ्यात एकच वस्तू जिवंत होती, विकायला काढलेला बीअरचा फ्रिज. पोटात बीअरचं पिंप ठेवायचं, गॅसच्या जोरावर वरच्या नळातून थंडगार ग्लास भरायचा, असा तो मोठ्या हॉटेलातला फ्रिज. एका सुरात घुंऽऽ करत चालला होता.

घेणाऱ्या होत्या शैलजाबाई. सांगली रस्त्याला त्यांचं नवं गार्डन रेस्टॉरंट शनिवारी उघडणार होतं. आमंत्रणं गेली होती. फ्रिज न्यायला टेम्पोसुद्धा दारात आणून उभा केला होता, कारण आदल्या दिवशी सिद्रामनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “ताई, डोळे झाकून घ्या. मी बघितलंय.”

मग उस्ताद कशाला आले? त्यालाही कारण होतं.

नूरभाईंच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेला एक लांब पेचकस, म्हणजे आपला स्क्रूड्रायव्हर, असायचा. लाकडी मूठ, वापरून वापरून काळी पडलेली. त्याचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं ऐकायचं. नूरभाईंना तो त्यांच्या उस्तादांनी दिला होता. रिवाजच होता तसा. शिष्य तयार झाला की पेचकस त्याच्या हातात जायचा, आणि मग त्यानं खुशाल आपल्या नावाची पाटी लावावी. पेचकस मिळायच्या आधी पाटी लावली, तर मिरज-सांगलीत कुठलाही जुना मेकॅनिक त्याला दारात उभं करत नसे.

सिद्रामनं पाटी रंगवून घेतली होती. घरी पलंगाखाली ठेवली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

आणि सकाळी त्यानं उस्तादांना तोंडावर विचारलं होतं, “अजून काय बघायचं राहिलंय माझ्यात?”

नूरभाई म्हणाले होते, “चल, तुझा फ्रिज बघू.”

तर आता ते बघत होते. पण बघत होते म्हणजे काय? ना त्यांनी दार उघडलं, ना नळाला हात लावला. नुसते फ्रिजसमोर उभे. विकणारे खवरे मागे हात बांधून हसत होते. हसू मात्र जरा जास्तच वेळ तोंडावर राहिलं होतं.

“उस्ताद, ग्लासभर घेऊन बघता का?” खवरे म्हणाले.

“मी पीत नाही.”

“अन् बीअरच्या मशीनचे उस्ताद?”

“म्हणून तर जीभ मध्ये येत नाही.”

शैलजाबाईंना हसू फुटलं. सिद्रामला नाही. त्याचं सगळं लक्ष पिशवीतून डोकावणाऱ्या त्या काळ्या मुठीवर होतं.

नूरभाई वाकले. फ्रिजच्या मागे हात घातला... आणि प्लग उपसून काढला.

घुंऽऽ थांबलं. बारमध्ये एकदम सुनं सुनं वाटायला लागलं.

“अहो, अहो!” खवरे पुढे धावले. “काढू नका! आत माल आहे, गरम होईल!”

“झाकलेला आहे. नाही होत.”

“सॉकेट ढिलं आहे हो... शॉक बसेल कुणाला तरी.”

“मग बरं झालं काढला ते.”

खवऱ्यांचं हसू गेलं. सिद्रामनं ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण आता मागं कसं फिरायचं? त्यानं झटकन प्लग उचलला. “उस्ताद, बंद करून चालू करायचंय ना? हे घ्या, करून दाखवतो.”

नूरभाईंनी सॉकेटवर तळवा ठेवला.

“थांब.”

“का?”

“आत्ता बंद झालंय. आतला दाब उतरू दे. लगेच उठवायला गेलं तर चांगलंसुद्धा उठत नाही. हे तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. सिद्रामनं मान खाली घातली, पण नाकपुड्या फुगलेल्याच.

“नाही उठलं, तर तुमच्या पेचकसाचं नाव पुन्हा काढणार नाही,” तो म्हणाला. रागात म्हणाला. म्हणून मोकळा झाला आणि मग त्यानं जीभ चावली.

नूरभाई खवऱ्यांकडे वळले.

“खवरेसाहेब,” ते म्हणाले, “चहा मिळेल?”

बारमध्ये चहा! शेवटी पलीकडच्या टपरीवरून आला. दोन खुर्च्या खाली उतरवल्या. शैलजाबाई एकीवर बसल्या, नूरभाई चपला काढून दुसरीवर. खवरे येरझाऱ्या घालायला लागले. सिद्राम फ्रिजला पाठ टेकवून उभा राहिला, जणू तो कुणी पळवून नेणार होतं.

नूरभाईंनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. एक घोट.



बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. शैलजाबाईंनी हातानंच त्याला थांबायला सांगितलं.

दुसरा घोट...

सिद्राम मनातल्या मनात सगळं पुन्हा बघत होता. रबर बघितलं, नळ बघितले, गॅस बघितला, मागची जाळी, तळाचा गंज... सगळं तर बघितलं. काल आलो तेव्हा हा फ्रिज कसा होता? चालू. परवा फोन केला तेव्हा खवरे काय म्हणाले? ‘या कधीही, चालूच आहे.’ सगळा बार बंद. पंखा बंद, दिवे बंद, वीज वाचवायला फाटकावरचा बल्बसुद्धा काढलेला. आणि एवढा मोठा फ्रिज रात्रंदिवस चालू. कुणासाठी?

अरे देवा.

सिद्रामनं फ्रिजला टेकवलेली पाठ काढून घेतली.

नूरभाईंनी बशी खाली ठेवली. “लाव,” ते म्हणाले.

सिद्रामनं प्लग पुढे केला. सॉकेटात बसेना. बसला. बटण दाबलं.

घुं... टक्.

शांतता.

थोड्या वेळानं पुन्हा, घुं... टक्.

दुसऱ्या कुणाला तो आवाज काही बोलला नसता. सिद्रामला पेचकस लावायचीही गरज नव्हती. कॉम्प्रेसर म्हातारा झाला होता. चालता होता तोवर चालत होता. एकदा बसल्यावर उठायची ताकद राहिली नव्हती त्याच्यात. आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो त्याला बसू देत नव्हता.

“व्होल्टेज!” खवरे म्हणाले. “या भागात व्होल्टेजची बोंब आहे हो.”

नूरभाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते सिद्रामकडे बघत होते.

खवरे सिद्रामच्या जवळ सरकले. आवाज खाली आणला. “तुम्ही नुसतं व्होल्टेज म्हणा. घेऊन जाऊ द्या. तिकडे नेल्यावर सुरू झाला नाही, तर तुम्हीच जाल दुरुस्तीला. तुमचंही नाव राहील, माझंही.”

नूरभाईंना ऐकू गेलं नसेल? जो माणूस लोखंडाच्या आतलं ऐकतो, त्याला? पण ते रिकाम्या बशीत बघत बसले.

“काय झालं रे, सिद्राम?” शैलजाबाईंनी विचारलं. “व्होल्टेजचंच आहे ना? भरायला सांगू टेम्पोत?”

सिद्रामनं एकदा फ्रिजकडे बघितलं, एकदा उस्तादांकडे.

तो बाहेर गेला आणि पायरीवर मटकन बसला.

काय काय गेलं त्याच्या डोक्यातून! पलंगाखालची पाटी. ‘डोळे झाकून घ्या’ म्हणतानाचा आपला तो रुबाब. एक शब्द, नुसता एकच शब्द बोलला तर हे सगळं झाकलं जात होतं. आणि उस्ताद? उस्ताद काही बोलणार नाहीत, हे त्याला कळून चुकलं होतं. ओरडले असते तर किती बरं झालं असतं. त्याला ढसाढसा रडावंसं वाटलं.

आतून पुन्हा आवाज आला. घुं... टक्. बटण तो तसंच चालू ठेवून आला होता.

टेम्पोवाल्यानं परत हॉर्न दिला.

नूरभाई आतून उठून आले नाहीत. कुणालाही त्यांनी बाहेर येऊ दिलं नाही. शैलजाबाई निघाल्या तर म्हणाले, “बसा, बाई. त्याला वेळ द्या.”

बराच वेळ गेला...

मग सिद्राम उठला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. आत आला आणि आधी फ्रिजचं बटण बंद केलं. मग सरळ शैलजाबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

“ताई, टेम्पो परत पाठवा.”

“म्हणजे?”

“व्होल्टेज नाही. कॉम्प्रेसर गेलाय. मी चालू असलेला फ्रिज बघितला आणि चांगला आहे म्हणालो. बंद करून बघायचं, ही पहिली गोष्ट असते. ती मी केली नाही. थंड लागलं आणि हुरळलो. खवऱ्यांनी लपवलं ते लपवलं, पण मला पकडता आलं असतं.”

“अरे, पण शनिवार!” शैलजाबाई उसळल्या. “लोकांना बोलावून बसलेय मी! तुझ्या शब्दावर, सिद्राम! दुसरे दोन फ्रिज सोडले मी तुझ्या एका शब्दावर!”

“हो, ताई.”

“हो काय, हो? तोंड काय दाखवू आता लोकांना?”

“शनिवारी बर्फात बाटल्या लावू. बर्फ मी आणतो, लावायलाही मीच उभा राहतो. आणि ते दोन फ्रिज अजून गेले नसतील तर आज संध्याकाळीच जाऊन बघतो. पोचलो की आधी प्लग काढीन.”

बाई खूप बोलल्या. बोलायचा हक्कच होता त्यांना. सिद्रामनं सगळं ऐकून घेतलं, एका शब्दाची सारवासारव केली नाही. शेवटी त्या दमल्या आणि टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेल्या.

खवरे भिंतीकडे तोंड करून मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होते. सिद्रामनं फ्रिजचा प्लग काढला, वायर नीट गुंडाळली आणि फ्रिजवर ठेवली.

“पुन्हा कुणाला दाखवाल तेव्हा बंद ठेवून दाखवा, खवरेसाहेब. कॉम्प्रेसर बदलला तर बाकी फ्रिज चांगला आहे. रबर एकदम कडक आहे.”



मग सिद्राम आपली हत्यारं पिशवीत भरायला लागला. उस्तादांकडे पाठ करूनच भरत होता. भरून झाल्यावर तसाच म्हणाला, “मघाशी बोललो ते बोललो, उस्ताद. पेचकसाचं नाव काढणार नाही. पाटी उद्या भंगारात देतो.”

मागून फडकं उलगडल्याचा आवाज आला.

सिद्राम वळला. नूरभाई त्याच्यासमोर उभे होते. हातात तो लांब पेचकस होता, काळी मूठ सिद्रामकडे केलेली.

“उस्ताद...” सिद्राम एक पाऊल मागे सरला. “हे काय? मी तर आज पार तोंडावर आपटलो.”

नूरभाईंनी त्याचा हात धरला आणि मूठ त्याच्या हातात ठेवून बोटं मिटवली.

मग ते चपला घालायला वाकले. एक पाय गेला, दुसरा काही केल्या जाईना. सिद्रामनं चटकन खांदा पुढे केला. त्या खांद्याचा आधार घेऊन त्यांनी चप्पल घातली आणि दाराकडे निघाले.

“पण का, उस्ताद?”

नूरभाई उंबऱ्यावर थांबले.

“चालताना तू कसा आहेस, बेटा, ते तर मी रोजच ऐकत होतो. बसल्यावर उठतोस का, तेवढंच बघायचं राहिलं होतं.”