दातेरी हुकूम

साळगडच्या किल्लेदाराचा घोडा कुणीतरी दोर कापून पळवला. किल्लेदार भडकला. "साधी धार आवाज न करता कापते. आजपासून प्रत्येकाने दातेरी चाकूच बाळगायचा! दुसरी धार दिसली की कोठडी!"

आंबे चिरायचा साधा चाकू कमरेला सापडला म्हणून मानाजी त्याच दिवशी आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा भाऊ तुळाजी न्हावी धुमसतच किल्लेदाराची दाढी करायला आला. गाल भिजवून त्याने त्यावर दातेरी चाकू टेकवला.

"अरे मूर्खा, गाल फाटेल! वस्तरा काढ!"

"वस्तऱ्याची धार साधी असते, सरकार. तो काढला तर मानाजीसारखा मीही कोठडीत. फाटला तर फाटला. हुकूमही तुमचा, गालही तुमचा."

किल्लेदार लालबुंद झाला, पण चाकू हलेना. शेवटी ओल्या गालानेच तो ओरडला, "हुकूम रद्द! सोडा रे त्या मानाजीला!"

तेव्हा कुठे तुळाजीने वस्तरा काढला.