पिंप रिकामं पाहिजे!

"उद्या खरकट्याचं पिंप रिकामं पाहिजे! आणि एकही माणूस उपाशी उठता कामा नये!"

तात्यासाहेब इंगवल्यांनी टेबलावर मूठ आपटली. हौसाक्कानं पदराला बांधलेली स्वयंपाकघराची किल्ली हळूच चाचपून पाहिली.

बंद पडलेल्या सूतगिरणीत तात्यासाहेबांनी स्टार्टअप केंद्र काढलं होतं. तिथली पोरं अन्न वाचवायच्या मागे लागलेली. कुणी टोमॅटो महिनाभर ताजा ठेवत होतं, कुणी केळीच्या सालीची बिस्किटं करत होतं. दुपारी हीच पोरं खाली हौसाक्काच्या खानावळीत जेवायची, अर्धं ताट पिंपात ओतायची आणि पुन्हा अन्न वाचवायला वर जायची!

गिरणीचा भोंगा वाजायचा तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ही खानावळ हौसाक्काची. आता ती वरच्या पोरांतल्याच निषाद देवस्थळीला हवी होती. त्यानं 'अन्नवेध' नावाचं यंत्र काढलं होतं. यंत्रानं माणसाचं तोंड बघायचं, पोट ओळखायचं आणि तेवढंच ताटात वाढायचं. तात्यासाहेबांनी चार सभांत त्याचं कौतुक केलं होतं.

आज सोमवारी त्याची परीक्षा झाली. पहारेकरी गणपाला यंत्रानं पाव वाटी भात दिला. काडीसारख्या एका पोरीपुढे मात्र भाताचा डोंगर रचला. गणपा उपाशी उठला, डोंगर पिंपात गेला. पिंप तोललं तर एकतीस किलो!

निषाद डगमगला नाही. "सर, हे उरलेलं अन्न नाहीच. ही माहिती आहे! जितकं जास्त उरेल, तितकं यंत्र शहाणं होईल."

"मग आमच्या म्हशी फार शहाण्या झाल्या असतील," हौसाक्का दारातून म्हणाली. "रोज हीच माहिती खातात!"

सगळी पोरं फिसकन हसली. तिथंच तात्यासाहेबांचं डोकं फिरलं होतं.

"हसतेस काय? उद्या तू करून दाखव! पिंपात एक घास दिसला, तर बुधवारी किल्ली निषादच्या हातात!"

"माणसं किती येतील, तात्यासाहेब?"

"सांगणार नाही! साठ येतील, नाहीतर दोनशे. यंत्राला तरी कुठं सांगितलं होतं?"

"बरं. पण पंगत मी बसवणार. कोण कधी बसेल, कोण वाढेल, ते मी सांगणार. तुम्हीसुद्धा ऐकायचं."

"कबूल!"

मंगळवारी सकाळी निषाद स्वयंपाकघरात डोकावला. "अक्का, भाकरी किती करणार?"

"एकही नाही."

"अहो, मग लोक काय खाणार?"

"पंगत बसली की तवा तापेल. मागेल त्याला गरम भाकरी. पीठ डब्यात राहिलं तर त्याला कुणी खरकटं म्हणत नाही, बाळा."

बोलली खरी ती ठसक्यात, पण पिठल्याचं बेसन मात्र तिनं दोनदा मोजून घेतलं. पिठलं काही मागेल तेव्हा थापता येत नाही!

बारा वाजले. ड्रायव्हर, माळी, पहारेकरी, गावोगावचे पाहुणे, माणसं येतच राहिली. तात्यासाहेब ऐटीत पहिल्या पाटावर बसले.

"उठा, तात्यासाहेब!"

"मी?"

"यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. वाढप्यांबरोबर."

"आणि वाढपी कोण?"

"निषाद आणि त्याचे सात यंत्रवाले! निषाद, घे पळी!"

पहिल्या चार ताटांत निषादनं पिठल्याच्या दोन-दोन पळ्या ओतल्या. मग त्यानं पातेल्यात पाहिलं. पिठलं चांगलं चार बोटं खाली गेलं होतं! त्याच्या पोटात गुरगुरलं. पाचव्या ताटाशी तो वाकून म्हणाला, "काका, अर्धी पळी चालेल? लागलं तर पुन्हा येतो."

तात्यासाहेब तर पातेल्याजवळून हलेनात.

"अरे, विचारून वाढ! त्या पोराला अर्धीच भाकरी दे, कडा टाकतोय तो! गणपा, पोट भरलं का? नाही? मग लाजतोस काय, घे!"

गणपानं पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि ताट बोटानं पुसलं. दोन पंगती उठल्या, तिसरीही उठली. पिंपात काहीच पडलं नाही.

हौसाक्कानं कपाळाचा घाम पुसला. "आता कोण राहिलं?"

"आम्ही आठ, सर आणि तुम्ही. दहा जण," निषाद म्हणाला.

"बघा, आकडा कळला की नाही! आता सांगा, कुणाला किती?"

"मला तीन!" "मला चार!" तात्यासाहेब सगळ्यांच्या वरताण ओरडले, "मला पाच!"

तिनं तेवढंच पीठ मळलं. पिठलं अगदी बेताचं उरलं होतं, तेही दहा पानांत सारखं वाढलं. दहाही जण तुटून पडले. शेवटी निषादनं पातेल्यातून भाकरीचा तुकडा असा फिरवला की पातेलं घासायची गरज उरली नाही.

पिंप उलटं केलं. एक मुंगी आत जाऊन आली होती, तीही निराश होऊन!

"अक्का, माणसं किती येणार हे माहीत नसताना अंदाज कसा बरोबर आला?" निषादनं वही काढली. "मला ते यंत्रात घालायचंय."

"घाल की! पण आधी तुझ्या यंत्राला भूक लागायला शिकव. ते चुकलं तरी त्याचं जेवण कुठं चुकतं? तुझं चुकणार होतं, म्हणून पाचव्या ताटाला तू शहाणा झालास!"

तात्यासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "किल्ली तुझी, हौसाक्का! कायमची! वर आणखी काय पाहिजे ते माग."

"एक पाट."

"बस्स? पाट?"

"पहिल्या पंगतीतला. बावीस वर्षं मी सगळ्यांच्या शेवटी जेवले."

बुधवारी बाराच्या ठोक्याला हौसाक्का पहिल्या पाटावर मांडी घालून बसली. तव्याशी निषाद धडपडत होता. त्याची भाकरी गोल सोडून बाकी सगळ्या आकारांची झाली होती. धोतराचा सोगा खोचून तात्यासाहेब पातेलं घेऊन आले आणि वाकले.

"अक्का, वाढू का?"

"वाढा. पण बेतानं, तात्यासाहेब! तुम्हांला अजून जेवायचंय!"

तात्यासाहेब पुन्हा असे खदखदून हसले की हातातली पळी हिंदकळली. पिठल्याचा थेंब मात्र त्यांनी खाली पडू दिला नाही!