बाळ बघायला आलेले ढोल

पूर्वी हेमवती नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य भद्रक होऊन जन्मला होता. एका वर्षी राणीला पुत्र झाला. बाळंतिणीच्या कानी आवाज पडू नये, अशी तिथली रीत. त्यामुळे सारे नगर चिडीचूप झाले. देवळातल्या घंटांनासुद्धा फडकी गुंडाळली होती!

आणि अचानक डोंगर दणाणले! ढोल बडवीत, भाले नाचवीत, आरोळ्या ठोकीत डोंगरातले लोक उतारावरून धावत येत होते. वेशीचा दरवाजा धाडकन मिटला, तटावर धनुर्धर चढले. तसे ढोल दुप्पट जोराने वाजू लागले.

"हल्लाच आहे, महाराज!" सेनापती रणंजय म्हणाला. "दार लावताच कसे चवताळले, बघा. आज्ञा द्यावी."

तटावर उभ्या राजाने हात उचलला. तो खाली येताच बाण सुटणार होते.

"थांबा!" भद्रक ओरडला. "पुढे लेकुरवाळ्या बायका आहेत. लढाईला कोणी तान्ही मुलं आणतं का?"

"कावा असेल," रणंजय म्हणाला.

"असेलही. त्यांच्या मनातलं मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. मी विचारून येतो. मला मारलं, तर खुशाल बाण सोडा."

शहाण्यांना विचारायची फार लाज वाटते. भद्रकाला ती नव्हती. तो एकटाच, निःशस्त्र बाहेर पडला. त्याला पाहताच कवळी नावाची एक म्हातारी रडत पुढे आली.

"राजाचं लेकरू गेलं का रं बाबा?"

भद्रक चक्रावला. "नाही! सुखरूप आहे."

"मग गाव मुकं का? आमच्यात पोर झालं की ढोल बडवत, भाले नाचवत बघायला जायाचं, म्हंजी वाईटसाईट पळतं. घर गप असलं, तर समजायचं पोर गेलं. दार लागलं तवा धसकाच घेतला आम्ही. म्हणून ढोल वाढीवलं, लेकरानं माघारी फिरावं म्हणून."

भद्रकाला हसू आले आणि रडूही. सगळी रीतभात विसरून तो तटाकडे बघत गळा फाडून ओरडला, "महाराज, हे बाळ बघायला आलेत!"

राजाने उचललेला हात छातीशी घेतला. मग स्वतः खाली येऊन त्याने दरवाजा उघडला आणि बाळाला आणवले.

बाळ सुखरूप असूनही गाव गप्पच, हे बघून कवळीने चटकन ढोलावर तळहात ठेवून तो थांबवला. "तुमच्यात कसं करत्यात, राजा?"

"आज तुमच्यासारखं," राजा म्हणाला.

काय दणदणाट झाला तो! बाळ मात्र ढाराढूर झोपले होते.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, दूरदेशीच्या भिक्षूंची जेवण्याची रीत पाहून आज ज्याने त्यांना अडाणी ठरवले, तो तेव्हाचा रणंजय. ज्याने स्वतः उठून त्यांना आपल्या शेजारी बसवले, तो सुबाहू राजा. त्या पाहुण्यांतला सर्वांत वृद्ध भिक्षू म्हणजे तेव्हाची कवळी, आणि भद्रक मीच होतो. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ आपल्या रीतीने लावण्याआधी त्यालाच विचारावे. हीच प्रज्ञा."