कधीच खाली न ठेवलेला पेला

एका राज्यात लोकांना जुन्या रंगीत काचेचं वेड लागलं होतं, आणि सगळ्यांत मोठा वेडा खुद्द राजा कनकध्वज. मग प्रजा मागे राहते होय? लाल सुरया, हिरव्या वाट्या, निळ्या अत्तरदाण्या. ज्याच्या त्याच्या तोंडी काच. राजाने तर काचेसाठी अख्खा महाल बांधला आणि त्याला कुलूप ठोकलं. आतल्या एकाही पेल्यातून कधी कुणी घोटभर पाणी प्यालं नाही.

माल पारखावा तो हौसाबाईनेच. टिचकी मारून ती नाद ऐके, भांडं उन्हात धरून काचेतले बुडबुडे पाही, मग ते उलटं करून बुडावर बोट फिरवी. जुनं भांडं हजारदा खाली ठेवलेलं असतं, त्याच्या बुडाला बारीक ओरखडे पडतात. ओरखडे असले तर जुनं, नसले तर नवं. बाईचा शब्द शेवटचा, आणि तोराही काही कमी नव्हता.

एके दिवशी दरबारात एक माणूस आला. नखशिखांत घोंगडीत गुंडाळलेला. बाहेर होता तो एक हात, आणि त्या हातातून पलीकडचा खांब आरपार दिसत होता. पण बघणार कोण? सगळ्यांचे डोळे हातातल्या पेल्यावर. असला जांभळा रंग कुणी पाहिला नव्हता.

"फार जुना आहे, महाराज," तो म्हणाला.

पेला तो हातातून सोडीना. हौसाबाईने खाली वाकून बुडावर बोट फिरवलं. बूड गुळगुळीत, एक ओरखडा नाही.

"कालचा माल," ती म्हणाली. राजाने तोंड फिरवलं.

रंग मात्र बाईच्या मनात भरला. तिने दोन हिरव्या वाट्या देऊन पेला घरासाठी घेतला. सौदा ठरला, तशी त्या माणसाची बोटं पेल्यावरून सुटली. "माफी असावी, बाई," एवढं बोलून तो धूम पळाला. वेशीपाशी पोचेतो त्याचा हात चांगला सावळा झाला होता.

आता काचवाल्यांची एक रीत ऐका. विकत घेतलेली काच घरी आणली की जमिनीला टेकवायची नाही. आधी घरच्या लेकीने तिच्यातून पाणी प्यायचं, मगच ती फडताळात ठेवायची. हौसाबाईची एकुलती एक लेक बकुळा. तिने आईच्या हातून पेला घेतला, पाणी प्याली आणि फडताळाकडे वळली. पेला हातातून सुटेना.

तेल लावलं, राख लावली, ओढून पाहिलं. छे! दिवस मावळला तेव्हा बकुळाच्या ओठांची लाली गेली होती. मग केसांचा काळेपणा उतरला, मग गालांचा गहू. जसजशी पोर फिकी पडे, तसतसा पेला गडद होई. एका सकाळी तिच्या कपाळातून मागची खुंटी दिसली आणि हौसाबाईने हंबरडा फोडला.

राजाच्या काचमहालात एक काचेची साळुंकी होती. ती बोलत असे. हौसाबाईने तिचे पाय धरले.

"हौसा," साळुंकी म्हणाली, "ओरखडे कुठून असणार? हा पेला घडल्यापासून कधी खाली ठेवलेलाच नाही. एका जादूगाराने तो एका अधाशी राजासाठी फुंकला आणि शाप दिला की हा एकाच्याच हातात राहील. जो यातून पिईल त्याच्या हाताला हा चिकटेल आणि त्याचे रंग पिईल. रंग सरले की माणूस काच होतो आणि दुसरा कुणी येऊन त्याच्या हातातून पेला काढून घेतो."

"सुटका कशी?"

"विकला तरच सुटतो."

पेला फार जुना आहे, एवढंच राजाच्या कानावर गेलं. एवढा जुना पेला! पालखी थेट हौसाबाईच्या दारात. "विका मला," राजा म्हणाला. एक शब्द, आणि लेक सुटली असती. हौसाबाईने तोंड उघडलंही होतं.

"आई," बकुळा म्हणाली, "आधी त्यांना खोट सांग. मग घेऊ देत खुशाल."

बाईने दात-ओठ खाल्ले, पण सांगितली. राजा असा पळाला की पायांतले जोडे दारातच राहिले.

"मग मीच घेते," हौसाबाई म्हणाली. "बोल, काय घेशील?"

बकुळाला का आईचा जीव घ्यायचा होता? पण बाजारात वाढलेली पोर, विकायचं नसलं की अचाट भाव सांगायचा हे तिला पक्कं ठाऊक. "काचवनातल्या चेटकिणीच्या विझलेल्या भट्टीतला जळता निखारा आण," ती म्हणाली.

हौसाबाई गेली. काचवनात पानं किणकिणतात ती आपल्याच मेलेल्या माणसांच्या आवाजात. बाईला तिची आई हाका मारत होती, पण तिने मागे पाहिलं नाही. चेटकीण उघड्या डोळ्यांनी झोपली होती. बाईने निखारा पदरात घेतला. पदर जळाला नाही, जळाली ती तिची सावली. बिनसावलीची बाई घरी आली.

"आता बुडालेल्या नगरीतल्या राणीच्या गळ्यातला निळा मणी," बकुळा म्हणाली. तिचा आवाजही आता पातळ झाला होता.

तळ्याच्या तळाशी राणी अजून आरशापुढे बसलेली. केसांत मासे. "शोभतो का गं मला हा मणी?" तिने विचारलं.

"खरं सांगू, बाईसाहेब? मुळीच नाही," हौसाबाई म्हणाली. राणीने आपल्या हाताने मणी काढून भिरकावला.

बाई परतली तेव्हा बकुळाचे नुसते डोळे उरले होते. बाकीची पोर म्हणजे उन्हातली काच. हौसाबाई चिडली, रडली, तिच्यापुढे मटकन बसली. "कार्टे, पुरे कर! आता काय हवं ते माग आणि दे तो मला. तुझ्यावाचून मी रंग घेऊन काय करू?"

"आणि तुझ्यावाचून मी?" बकुळा म्हणाली. "तिसरी अट ऐक. सगळा पेला नाही विकणार मी. भागीत घे. अर्धा तुझा, अर्धा माझा."

बाजारात सुरई भागीत घेतात, झुंबर भागीत घेतात. पण हा पेला आजवर कुणी भागीत मागितला नव्हता, कारण ज्याच्या हाती तो असे त्याला तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा असे. हौसाबाईने लेकीच्या हातावर आपला हात ठेवला. "घेतला," ती म्हणाली.

दोघींनी दोन बाजूंनी ओठ लावले आणि एकदमच पाणी प्याल्या, तशी बाईची बोटंही काचेला चिकटली. पेला कुणाचे रंग ओढणार? इकडे ओढी तर तिकडून सुटे, तिकडे ओढी तर इकडून. तो तापला, थरथरला, आणि त्याच्या आतून खूप माणसं एकदम श्वास घेतात तसा आवाज आला. मग बरोबर मधोमध तडकला. दोन फाका जमिनीवर पडल्या, साध्या, बिनरंगी.

वाटावाटांवर काचेची माणसं उभी होती, ती अंग झाडून आपापल्या घरी चालू लागली. साळुंकी उडाली. शरमलेल्या राजाने काचमहालाचं कुलूप काढलं, आणि जो येईल त्याला त्या पेल्यांतून पाणी मिळू लागलं. पण हे सगळं मागाहून.

त्या घटकेला, ज्याने त्याने ध्यानात धरावं असं घडलं ते एवढंच. बकुळाच्या ओठांवर लाली आली, केस काळे झाले. तिने आपले मोकळे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग दोन्ही हातांनी आईला अशी घट्ट मिठी मारली, की बाई म्हणाली, "अगं, हळू! मोडशील मला."